डावा हात वर

३ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं ठरलेलं नाही, आणि तुझ्या भाच्याने या आठवड्यात अजून तरी काही फोडलेलं नाही. फोनच केला असता, पण गेल्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तू मला पडद्यांची मापं सांगितलीस. कानातलं यंत्र डबीत जपून ठेवणाऱ्या माणसाशी पत्रानेच बोललेलं बरं.

तर बातमी अशी, की मी हॉकीचा प्रशिक्षक झालो आहे. हसून घे. मी थांबतो.

आमचे पीटीचे सर गेल्या महिन्यात निवृत्त झाले. नवा माणूस "प्रक्रियेत" आहे, म्हणजे तो अजून जन्माला यायचा आहे असं धरून चालायचं. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली. गणिताच्या बाईंना सातवा महिना. चित्रकलेच्या सरांचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. शास्त्राचे सर खिडकीतून आकाशाचा अभ्यास करू लागले. मी ग्रंथपाल माणूस, तिथे फक्त चहा प्यायला गेलो होतो. "तुमच्याकडे खेळांची पुस्तकं असतीलच," म्हणत बाईंनी क्रीडा साहित्याच्या कपाटाची किल्ली माझ्या बशीत ठेवली.

पुस्तक आहे एक. त्यातली स्टिक धरण्याची पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. पंचाच्या शिट्टीचे नियम तेवढे शाबूत आहेत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी मुलींना शिट्टी शिकवून मोकळा झालो असतो. पण एक परिपत्रक आलंय. २० फेब्रुवारीला क्रीडा अधिकारी येणार. मुली अगदी नवशिक्या, त्यामुळे सामना बघणार नाहीत. फक्त स्टिक कशी धरतात आणि चेंडूपाशी उभ्या कशा राहतात ते बघणार आणि त्यातून चौघींना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा देणार. राहणं, जेवण आणि दहावीपर्यंत शाळा. आमची शाळा सातवीला संपते.

चौदा जणींनी नावं दिली. मी विचारलं, हॉकीच का? बाराजणी म्हणाल्या, गणिताचा तास बुडतो. एक म्हणाली, बूट मिळतात का? आणि एक किरकोळ, कानामागे पेन्सिल खोचलेली मुलगी म्हणाली, "सर, तिथे नक्की दहावीपर्यंत असते ना शाळा? मधेच घरी पाठवत नाहीत ना?" मी परिपत्रक पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा तिने नाव लिहिलं.

आपल्या घरात हॉकी खेळलेलं माणूस एकच. कॉलेजच्या संघात तू उजव्या बाजूला खेळायचीस आणि मी सीमेपलीकडे बसून तुझी पाण्याची बाटली सांभाळायचो. तेवढाच माझा अनुभव. तेव्हा स्टिक धरायची कशी आणि उभं राहायचं कसं, हे मला समजेल अशा भाषेत लिही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा


११ जानेवारी

धाकट्या,

पडद्याची मापं तूच विचारली होतीस. असो.

तुझ्या शाळेने तुला हॉकी दिली, हे वाचून ह्यांना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली. खोकला महिनाभर आहेच. विशेष काही नाही.

आता नीट वाच.

डावा हात वर. स्टिकच्या टोकाशी. हा हात मालक. स्टिक फिरवायची ती याच हाताने. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये जी खाच होते, ती स्टिकच्या कडेच्या रेषेत आली पाहिजे. मूठ आवळायची नाही. कुणी ओढून घेतली तर सुटणार नाही आणि आपण फिरवली तर फिरेल, इतपतच.

उजवा हात खाली, वीतभर अंतरावर किंवा थोडा आणखी खाली. हा हात नोकर. आधार देतो, मालक फिरवतो तेव्हा मुकाट्याने फिरू देतो. नवशिके नेमके याच हाताला मालक करतात, कारण जेवायचं, लिहायचं, थोबाडीत मारायचं सगळं त्यालाच येतं.

दोन पायांत खांद्याएवढं अंतर. गुडघे वाकलेले, टाचांवर भार नाही. डावा पाय किंचित पुढे. चेंडू अंगाच्या उजव्या बाजूला, पुढे. पाठीची कमान करून ओणवं व्हायचं नाही, खुर्चीवर बसता बसता कुणी हाक मारली तर आपण थबकतो ना, तसं राहायचं. नजर चेंडूवर, पण मान उचलता आली पाहिजे.

आणि एक. स्टिकची एक बाजू सपाट, दुसरी गोल. चेंडूला फक्त सपाट बाजू लागली पाहिजे. गोल बाजू लागली की शिट्टी. ते तुझ्या पुस्तकात असेल.

आधी स्वतः कर. तुला आलं की मगच मुलींसमोर जा. आणि त्या पेन्सिलवालीकडे लक्ष दे. शाळा कधी संपेल असं विचारणाऱ्या मुली खूप बघितल्या, किती दिवस चालेल असं विचारणारी ही पहिलीच.

ताई


२३ जानेवारी

प्रिय ताई,

मला आलं! कपाटाच्या आरशासमोर तीन दिवस तुझा मालक आणि तुझा नोकर यांना कामाला लावलं. ही म्हणाली, "इतकं मनापासून कधी केर काढला असतात तर!" पण आलं. पीटीच्या सरांच्या कपाटातली जुनी स्टिक आहे, तिने मी चेंडू अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ढकलतो. शेजारच्या आजोबांनी टाळी वाजवली. बहुधा डास होता, पण मी मान लववून घेतली.

आता मुलींचं. सकाळी सातला मैदानावर जमतो. त्या रांगेत उभ्या, मी त्यांच्यासमोर तोंड करून. मी "मालक!" म्हणतो, की तेरा हात वर जातात. "नोकर!" म्हणतो, की तेरा हात खाली. "खुर्ची!" म्हणतो, की तेरा जणी वाकून थबकतात. ताई, आरशात बघतोय असं वाटतं. मी करतो तसंच्या तसं, तसूभर फरक नाही. मोठ्या बाई व्हरांड्यातून बघून गेल्या आणि म्हणाल्या, "शिस्त आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फुलांचा वर्षावच.

आता तू विचारशील, तेरा का, चौदावी कुठे? चौदावी तुझी ती पेन्सिलवाली. मी तिचं नाव लेटमार्क ठेवलंय. ती रोज दहा मिनिटं उशिरा येते, कारण दोन धाकट्या भावंडांना पाळणाघरात सोडून येते. आई लाँड्रीत इस्त्री करते, पहाटेच जाते. मैदानाचं फाटक नेमकं माझ्या पाठीमागे. ही धापा टाकत येते आणि रांग मोडायला नको म्हणून तिथेच, माझ्या मागे उभी राहून सगळं करते. मग मी वळून बघतो, तर बाईसाहेबांचं नेमकं उलटं! सगळ्यांच्या विरुद्ध. पायसुद्धा विरुद्ध. रोज तिचे हात मी स्वतः बदलून देतो, रांगेत नेऊन उभी करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, "अगं, तेरा जणींना कळतं ते तुला कळू नये?" ती हातांकडे बघत राहिली.

मला तिची काळजी वाटते, कारण हिला ती जागा मिळाली नाही तर सातवीनंतर लाँड्री. तिच्या आईनेच सांगितलं, अगदी सहज, आज कोणती भाजी आहे सांगावं तसं. म्हणून हिच्यावर जरा जास्त मेहनत घेतोय.

एक अडचण मात्र खरीच आहे. मुलींना पकड उत्तम आली तरी चेंडू सरळ जात नाही. घसरून कुठेही पळतो. नीट निरखून बघितल्यावर उलगडा झाला. शाळेने यंदा ज्या नव्या स्टिका घेतल्या, त्यांची सपाट बाजू चुकीच्या अंगाला आहे! मुली बरोबर ढकलतात आणि चेंडूला लागते गोल बाजू. नवी स्टिक मी हातात घेऊन बघितली तर मला जमलं, पण मोठ्या माणसाला काय, कशानेही जमतं. कारखानदाराला कडक पत्र लिहिलंय: चौदा स्टिका सदोष, बदलून द्याव्यात, सपाट बाजू उजवीकडे हवी. शुद्धलेखनासह.

बघ, तुझा भाऊ वाया गेला नाही. उत्तर लवकर पाठव.

तुझा धाकटा


६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. रागावलीस की शाबासकी लिहायला शब्द सापडत नाहीत? भाऊजींचा खोकला थांबला का?

कारखानदाराचं उत्तर आलं, एका ओळीचं. "आपण म्हणता तशी स्टिक आम्ही बनवत नाही, कुणीच बनवत नाही. कळावे." उद्धटपणाची हद्द आहे. मोठ्या बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, परीक्षा पकडीची आहे ना, चेंडू कुठे का जाईना. प्रशासन म्हणजे काय ते बाईंकडून शिकावं.

आनंदाची बातमी: लेटमार्क सरळ झाली. रोजचं समजावणं चालेना, तेव्हा मी समोर उभा राहून, माझ्या डाव्या हातासमोर तिचं जे मनगट आलं त्याला लाल फीत बांधली आणि सांगितलं, ही फीत वर आली पाहिजे, संपलं. शिवाय आता उशीर झाला तरी वळसा घालून रांगेत यायचं, माझ्या मागे उभं राहायचं नाही. पाच दिवसांत फरक पडला. आता तीही बाकीच्यांसारखी. फक्त हात लावायच्या आधी दर वेळी एकदा माझ्याकडे बघते. पूर्वी तिचा चेंडू तेवढा सरळ जायचा, तो आता जात नाही. पण म्हटलं, परीक्षेपुरतं जाऊ दे.

मी चांगला शिक्षक आहे असं मला पहिल्यांदाच वाटतंय. पुस्तकांना आपण काही शिकवलं असं कधी वाटत नाही.

पत्र टाक गं.

तुझा धाकटा


२९ जानेवारी

धाकट्या,

हे वाचून झालं की चहासुद्धा पिऊ नकोस, मैदानावर जा.

तू मुलींसमोर तोंड करून उभा राहतोस ना? तुझा डावा हात त्यांना त्यांच्या उजव्या बाजूला दिसतो. म्हणून त्यांनी आपला उजवा हात वर घेतला. तू लिहिलंस ना, आरशात बघतोय असं वाटतं? अरे, आरशातला माणूस उलटा असतो! तुझ्या तेरा मुली उलट्या आहेत. हात उलटे, पाय उलटे, म्हणून चेंडूला गोल बाजू लागते. स्टिका बरोबर आहेत. सगळ्या जगात स्टिक एकाच बाजूने सपाट असते, डावखुऱ्यालाही तीच घेऊन खेळावं लागतं. त्या कारखानदाराची माफी माग.

आणि ती उशिरा येणारी तुझ्या पाठीमागे उभी राहते. ती तुझी पाठ बघून शिकते. तुझा डावा तो तिचा डावा. सगळ्या मैदानात तेवढी एकच पोर बरोबर आहे आणि तू रोज तिचे हात बदलतोस! तिला हात लावू नकोस. तिला पुढे उभी कर आणि बाकीच्यांना तिच्या मागे.

तूही यापुढे मुलींकडे पाठ करून शिकव. हाताला लागलेली सवय काढायला लावण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. अजून तीन आठवडे आहेत. जमेल. पण आजच.

चूक माझीही आहे. शिकवणाऱ्याने उभं कुठे राहायचं, ते लिहायला हवं होतं. आमचे सर नेहमी पाठ करून उभे राहायचे आणि आम्ही म्हणायचो, किती तुसडे आहेत.

ताई

ता. क. १३ फेब्रुवारी. हे पत्र इतके दिवस माझ्या पिशवीत राहिलं. जरा धावपळ होती. तुझं सहा तारखेचं पत्र घरी आलंय असं सूनबाई म्हणाली, वाचलेलं नाही. आज खाली फुलवाल्याशेजारी पेटी दिसली, टाकते.


१७ फेब्रुवारी

ताई,

काल मिळालं. पत्रावर तारीख एकोणतीस जानेवारीची. आज सतरा. तीन दिवसांवर परीक्षा.

पंधरा दिवस पिशवीत? तुझ्या पिशवीत माणूस हरवेल हे मला माहीत आहे, पण एक फोन? तुला ऐकू येत नाही, बोलता तर येतं ना? सूनबाईंना तरी सांगायचं, एक वाक्य, "हात उलटे आहेत." तीन शब्द, ताई.

बरं, ओरडून झालं. झालं ते सांगतो.

आज सकाळी मी पाठ करून उभा राहिलो आणि म्हणालो, मुलींनो, आजवर शिकवलं ते सगळं उलटं होतं, आता सुलटं करायचं. वळून बघितलं तर तेरा जणी माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं वर्गात पाल पडल्यावर बाईंकडे बघतात: आता या काय करणार? मग प्रयत्न केला. चार जणींनी हात बदलले, पाय तेच ठेवले. दोघींनी पाय बदलले, हात तेच. एकीने दोन्ही बदलून पुन्हा बदलले. गोलंदाजासारखी धाव घेऊन एक थेट खाली बसली. सगळ्यांचं जे काही होतं तेही गेलं. एक मुलगी म्हणाली, "सर, कालचंच बरं होतं." इतर बाराजणी "हो सर" म्हणाल्या. आयुष्यात माझ्या वर्गात एवढं एकमत कधी झालं नाही.

लेटमार्कला बाजूला घेतलं. तिच्या मनगटावरची फीत मी कात्रीने कापली. गाठ इतकी घट्ट होती की सुटेना. मीच बांधली होती. म्हटलं, "तूच बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून. चुकलो मी." मला वाटलं, ती खूश होईल, निदान रागावेल. तिने दोन्ही हात समोर धरले आणि विचारलं, "मग सर, आता कुठला?"

मी म्हटलं, डावा वर. तिने घेतला. पण आधी एकदा माझ्याकडे बघितलं.

धाकटा


२१ फेब्रुवारी

ताई,

काल झाली परीक्षा. मला सांगायला दुसरं कुणी नाही, आणि हिच्यासमोर सांगताना मला मधेच उठावं लागतं, म्हणून लिहितो.

सकाळी मोठ्या बाईंनी फर्मान काढलं: ऐन वेळी प्रयोग नकोत, मुलींना जसं येतं तसं करू द्या. तेरा जणींनी सुटकेचा श्वास टाकला आणि आपली उलटी पकड घेतली. मी लेटमार्कला हळूच म्हटलं, "तू मात्र तुझंच धर." हे मी म्हटलं. लक्षात ठेव, मी.

क्रीडा अधिकारी म्हणजे सज्जन गृहस्थ. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वजनमापे खात्यात होते. त्यांच्या कागदावर छापलं होतं: "डावा हात वर." त्यांना खुर्ची दिली. ते मुलींसमोर बसले. डावं कुठलं ते विसरायला नको म्हणून त्यांनी स्वतःचा डावा हात मांडीवरून जरा उचलून ठेवला आणि समोरच्या मुलींचा त्याच बाजूचा हात वर आहे का, ते बघत गेले. ताई, मी तिथे उभा होतो. बघत होतो. समोरच्या माणसाचा डावा कुठे असतो, हे मला चार दिवसांपूर्वी कळलेलं आणि त्यांना अजून कळायचं होतं.

बरोबर. बरोबर. बरोबर. तेरा वेळा.

चौदावीशी थांबले. "ही उलटी."

मी पुढे झालो. म्हटलं, "साहेब, ही सुलटी आहे."

त्यांनी चष्मा वर केला. "मग या तेरा?"

तेरा मुली माझ्याकडे बघतायत. त्यांतल्या निम्म्यांनी घरी सांगून ठेवलंय की सर म्हणतात आम्ही पहिल्या येणार. बूट विचारणारी तर बूट घालून आली होती, मावसबहिणीचे, दोन मापं मोठे. मोठ्या बाई माझ्याकडे बघतायत. आणि ती बघतेय.

"या तेरा चुकीच्या आहेत असं लिहू का?" साहेब म्हणाले. अगदी शांतपणे विचारलं, चिडून नाही. "तुम्हीच शिकवलंय ना?"

मी म्हणालो, "तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?"

"काही नाही."

ताई, मी "काही नाही" म्हणालो.

त्यांनी लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात लेटमार्कने माझ्याकडे बघत हात बदलले, उजवा वर घेतला आणि विचारलं, "सर, असं?" साहेब हसून म्हणाले, "हां, आता बरोबर! पण बाळ, आधी लिहून झालं."

चौघी निवडल्या. बूटवाली आहे त्यात. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून.

तू सांग, काय करू. लवकर सांग. पिशवीत नको.

धाकटा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी तिन्ही पत्रं काल एकदम वाचली. काल घरी आले म्हणून.

तीस जानेवारीला तुझं पत्र टाकायला निघाले होते. पिशवी खांद्याला लावली, यांना म्हटलं, दार लावून घ्या. दार लावायला उठलेच नाहीत. खोकला नव्हता तो. फुफ्फुसात पाणी होतं आणि काय काय. सत्तावीस दिवस दवाखान्यात. मुलगा परगावी, सूनबाई नोकरी सांभाळून डबे पोचवत होती. डॉक्टर तोंडावर पट्टी लावून बोलायचे आणि मला ओठ दिसायचे नाहीत. मी मान हलवायचे. कशाकशाला होकार दिलाय देव जाणे. कानातलं यंत्र तेव्हा लावलं, पहिल्यांदा. त्यात नुसती यंत्रांची टुकटुक ऐकू यायची.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास आणि मुलींची परीक्षा राहिली असती, असं आता लिहिता येईल. छान दिसेल. खरं सांगते, तुझी हॉकी मला आठवलीच नाही. पत्र पिशवीत होतं, त्याच पिशवीतून मी औषधांचे कागद काढत होते, ते हाताला लागायचं आणि मी बाजूला सारायचे. एका पोरीच्या शाळेचा प्रश्न माझ्या हाताला दिवसातून दहादा लागत होता. तेव्हा तू "काही नाही" म्हणालास त्याबद्दल मी तुला बोलावं असं माझं तोंड नाही.

हे आता घरी आहेत. उशीला टेकून बसतात. मला बघून हसतात, पण नावाने हाक मारत नाहीत.

काय करू विचारतोस. खरं लिही. अधिकाऱ्याला, लेखी, तारीख घालून. मी चुकीचं शिकवलं, तेरा चुकीच्या, ती एक बरोबर. मोठ्या बाईंना विचारत बसू नकोस. उशीर झालाय, पण आणखी करू नकोस.

ताई


१९ मार्च

प्रिय ताई,

भाऊजींचं वाचून मी बसलोच. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतोय, नाही म्हणू नकोस, ऐकू आलं नाही असंही म्हणू नकोस. पंधरा दिवसांवरून तुला जे लिहिलं ते फाडून टाक.

तू सांगितलंस तसं खरं लिहिलं. दोन पानं. तारीख घातली. समोर उभं राहणं, पाठ करून उभं राहणं, आकृत्या काढून. मोठ्या बाईंना प्रत दिली. त्या म्हणाल्या, "याची गरज होती का?" आणि क्रीडा साहित्याच्या कपाटाची किल्ली परत मागितली.

उत्तर काल आलं. शिक्षेसारखं काही नाही, उलट माझ्या प्रामाणिकपणाबद्दल एक ओळ आहे. मग असं: प्रशिक्षकाने स्वतः लेखी कळवल्यानुसार तेरा विद्यार्थिनींची पकड चुकीची आहे, सबब निवडलेल्या चौघींची नावं रद्द. चौदाव्या विद्यार्थिनीची पकड चुकीची असल्याचा शेरा परीक्षकांनी जागेवर नोंदवलेला आहे, आणि एकदा नोंदवलेला शेरा बदलण्याची तरतूद नाही. म्हणजे तेरा माझ्या शब्दावर चुकीच्या आणि एक त्यांच्या. दोघांचाही मान राखला. चारही जागा दुसऱ्या शाळेला गेल्या.

तुला दोष देत नाही. "काही नाही" म्हणालो तेव्हा एक गेली, खरं लिहिलं तेव्हा चार गेल्या आणि ती एक परत आली नाहीच. मी कुठे उभं राहायला हवं होतं, ते मला अजून कळत नाही.

चौघींच्या घरी जाऊन सांगितलं. बूटवालीच्या वडिलांनी दार उघडं ठेवून माझ्यासमोर जोडे पॉलिश केले. शेवटी लाँड्रीत गेलो. लांबलचक खोली, वाफेने भिंती ओल्या, ओळीने सहा टेबलं. तिची आई चादरीला इस्त्री करत होती. सगळं ऐकलं, इस्त्री थांबली नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "शाळेचे सर का?" ही म्हणाली, "हो. पोरीचं नाही झालं."

मग मला म्हणाली, "पण सर, माझीचं बरोबर होतं ना?"

म्हटलं, "हो. तिचंच बरोबर होतं."

"मग तसं लिहून द्या की. कागदावर. शिक्का मारून."

माझ्याकडे ग्रंथालयाचाच शिक्का. आज सकाळी लिहिलं, सुवाच्य अक्षरात: या विद्यार्थिनीची स्टिकची पकड आणि उभं राहण्याची पद्धत अचूक आहे, ती तिने पहिल्या दिवसापासून स्वतः बघून आत्मसात केली, मधल्या काळातील चूक प्रशिक्षकाची. खाली सही आणि गोल शिक्का मारला. संध्याकाळी नेऊन दिलं. आईने हात पुसून घेतलं, वाचता येत नाही म्हणून पोरीला दिलं. ती टेबलाच्या टोकाशी उशांचे अभ्रे घडी करत होती. तिने ते उभ्यानेच वाचलं, दोनदा. घडी घातली नाही, सुरकुती पडू नये म्हणून दोन्ही हातांत आडवं धरलं.

मग विचारलं, "सर, हे कुठे दाखवायचं?"

आई थांबली. इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे बघू लागली. शेजारची बाईही.

ताई, तुला माहीत असेल तर सांग. मी म्हटलं, जपून ठेव.

तुझा
धाकटा